पित्ताची गोळी, पण कुठल्या पित्ताची? ॲलर्जीच्या झोप न आणणाऱ्या गोळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला बाजाराच्या अंगाला आमची फार्मसी आहे. (गोव्यात फार्मसीच म्हणायचं. पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात बांद्याला गेलात की तिचंच 'मेडिकल' होतं.) काउंटरवर जे प्रश्न रोज येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे जिथे डॉक्टरांकडे जायला सांगितलं आहे तिथे खरंच जा.

'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की तुम्ही उलट प्रश्न का विचारता?

कारण आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. दोन्हींचा एकमेकांशी तसा संबंध नाही. जळजळ पोटातल्या आम्लाची असते. गांधी त्वचेतल्या हिस्टामिनमुळे उठतात. पहिल्याची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही.

एक मावशी तीन दिवस पातळ अँटासिड पीत होत्या. जावेने सांगितलं होतं, 'पित्तावर उत्तम.' चौथ्या दिवशी दुकानात आल्या आणि पदर सरकवून दंड दाखवला. कोपरापासून खांद्यापर्यंत नकाशासारखे लाल उठाव, कडेला फुगलेले, मधे फिकट. पोटाची काहीच तक्रार नव्हती. हे शीतपित्त, डॉक्टरी भाषेत अर्टिकेरिया. म्हणून 'पित्ताची गोळी' मागताना 'पोटाची' की 'अंगाची' एवढं आधी सांगत चला.

ही गोळी नेमकं काय करते?

त्वचेत आणि नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन भरलेलं असतं. त्या चिडल्या की ते बाहेर सांडतं, बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरतात आणि गांध उठते, खाज सुटते. नाकात हेच झालं की शिंकांची माळ लागते.

हिस्टामिनला काम करायला पेशीवर एक ठरावीक जागा लागते. कदंबच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ही गोळी ती जागा आधीच धरून बसते. आधी येऊन बसलेल्या प्रवाशाला मात्र ती हात धरून उठवत नाही. त्यामुळे गोळी घेतल्या घेतल्या गांधी मावळत नाहीत, तासभर तरी जातो. ज्यांना रोज उठतं त्यांनी खाज सुटायची वाट न पाहता रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची, तीही याच कारणाने.

'झोप न आणणारी' म्हणजे कुठली?

जुन्या पिढीत फेनिरामाइन (आपली ॲव्हिल), क्लोरफेनिरामाइन, हायड्रॉक्सिझिन. ही औषधं सहज मेंदूत शिरतात. मेंदूत हिस्टामिनचं काम आपल्याला जागं ठेवायचं. तिथली जागा अडवली की डोळे मिटायला लागतात. दहावीच्या एका पेपराच्या सकाळी शिंका येत होत्या म्हणून घरातली तसलीच एक गोळी मी घेतली होती. शेवटच्या दोन प्रश्नांचं अक्षर माझं मलाच वाचता आलं नसतं.

नव्या पिढीत सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, डेसलोराटाडिन, बिलास्टिन आणि फेक्सोफेनाडिन. हे सगळे सारखे नाहीत. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ जातच नाही. लोराटाडिन आणि बिलास्टिन नेहमीच्या डोसात क्वचितच गुंगी आणतात. सेटिरिझिन मधलं आहे. त्याच्या माहितीपत्रकातल्या चाचण्यांत १० मिग्रॅ घेणाऱ्या शंभरातल्या १४ जणांना झोप आली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ६ जणांना. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण तुम्ही त्या चौदातले आहात की नाही हे गोळी घेतल्याशिवाय कळत नाही.

मग गाडी चालवायला हरकत नाही ना?

पणजीच्या स्टँडवर पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवणारा एक पायलट (मोटारसायकल-टॅक्सीवाला) दर पावसाळ्यात नाक गळतं म्हणून येतो. त्याला मी सेटिरिझिन देत नाही. त्याच्या डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन लिहून दिलं आहे, तेच देतो. मागच्या सीटवर दुसऱ्याचा जीव असतो.

तुमच्यासाठीही नियम सोपा आहे. कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची ती घरी, संध्याकाळी, पुढे काही काम नसताना. झोप आली नाही तर दुसऱ्या दिवसापासून किल्ली हातात घ्या. आणि जुनी गोळी रात्री घेतली म्हणजे सकाळी सगळं उतरलेलं असतं असंही नाही. तिची सुस्ती सकाळी रेंगाळते, माणसाला मात्र आपण ठीक आहोत असंच वाटतं.

किती घ्यायची, कधी, कशाबरोबर?

मोठ्या माणसांचे नेहमीचे दिवसाचे डोस असे: सेटिरिझिन १० मिग्रॅ, लेव्होसेटिरिझिन ५, लोराटाडिन १०, डेसलोराटाडिन ५, बिलास्टिन २०. फेक्सोफेनाडिन शिंका-सर्दीला साधारण १२० आणि अंगावरच्या पित्ताला १८०. दिवसातून एकदा. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी.

लोक चुकतात ते 'कशाबरोबर' यात. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यानेच घ्या. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, रक्तात पोचणारं औषध एक तृतीयांशाने कमी होऊ शकतं. न्याहारीला रस पिऊन त्यानेच गोळी गिळायची आणि मग 'तुमची गोळी चालत नाही' म्हणून मला ऐकवायचं, हे वर्षातून चार-पाचदा होतं.

दुसरी गाठ पहिल्या प्रश्नाशी पडते. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं अँटासिड आणि फेक्सोफेनाडिन पाठोपाठ घेतलं तर गोळीचा बराच भाग वाया जातो. 'दोन्ही पित्तं' एकदम असतील तर दोन औषधांत निदान दोन तास जाऊ द्या.

बिलास्टिन रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. सेटिरिझिन आणि लोराटाडिनला जेवणाचं सोयरसुतक नाही.

एका गोळीने भागत नाही. दोन घेऊ का?

स्वतःच्या मनाने नाही. जुनाट पित्तात त्वचारोगतज्ज्ञ नव्या पिढीच्या गोळीचा डोस वाढवत चौपटीपर्यंत नेतात हे खरं आहे. पण ते तुमचं वय, मूत्रपिंड, हृदय आणि बाकीची औषधं बघून. शेजाऱ्याला चार चालतात म्हणून तुम्हाला चालतील असं नाही.

न कळत डबल होणं जास्त घडतं. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर बहुधा क्लोरफेनिरामाइन असतंच, काही खोकल्याच्या औषधांतही असतं. सकाळी झोप न आणणारी गोळी, दुपारी सर्दीची, रात्री खोकल्याचं औषध: तीन अँटिहिस्टामिन (हिस्टामिनची जागा अडवणारी औषधं) झाली आणि सगळी काळजी पाण्यात. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतली नावं वाचा. चष्मा नसेल तर काउंटरवर द्या, मी वाचून दाखवतो.

बांगडा खाल्ला आणि अर्ध्या तासात तोंड लाल झालं. मला माशाची ॲलर्जी आहे का?

आधी सांगा, ताटावर आणखी कोण होतं आणि त्यांना काय झालं?

एका घरातले चौघं एकदम आले होते. चौघांचेही चेहरे ऊन लागल्यासारखे लाल, डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय, दोघांच्या गळ्याशी गांधी. दुपारी बांगड्याचं हुमण (कालवण) झालं होतं. एका घरात चौघांना एकाच दुपारी नवी ॲलर्जी होत नाही. हा माशातल्या हिस्टामिनचा प्रताप. बांगडा, तारली, कुप्पा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासळी बर्फाविना उन्हात राहिली की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. ते शिजवून, तळून, कितीही मसाला घालून जात नाही. वासावरूनही दर वेळी कळत नाही. कधी कधी जिभेला तिखट चुरचुरतं, तेवढीच खूण.

यावर अँटिहिस्टामिन चांगलं चालतं आणि त्रास बहुधा काही तासांत ओसरतो. श्वास अडकला, चक्कर आली, उलट्या थांबेनात तर दवाखाना. चौघांनाही बांगडा सोडायची गरज नव्हती, मासळी घेताना बर्फ बघायची होती.

सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या) खाऊन फक्त तुम्हालाच, दर वेळी, ओठ सुजणं किंवा गांधी होत असतील तर गोष्ट वेगळी. ती खरी ॲलर्जी असू शकते. 'आज गोळी घेतो आणि लग्नात सुंगटं खातो' हा बेत करू नका. गोळी खाज झाकते, पुढचा धोका अडवत नाही.

गोळी पुरेशी नाही हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न काउंटरवर क्वचितच कोणी विचारतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गांधी फक्त अंगावर असतील तर गोळी घेऊन वाट बघता येते. पण गांधींबरोबर यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही: जीभ किंवा घसा सुजणं, आवाज घोगरा होणं, गिळता न येणं, धाप किंवा शिट्टीसारखा श्वास, घेरी, अंग थंड आणि घामेजलं होणं, पोटात जोराची कळ आणि उलट्या. ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणा-काजू-सुंगटांनंतर, इंजेक्शननंतर किंवा वेदनाशामक गोळीनंतर मिनिटांत येते. कधी कधी अंगावर एकही गांध नसते, तरी ही असू शकते.

इथे जीव वाचवतं ते ॲड्रिनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं इंजेक्शन. अँटिहिस्टामिन सुजलेला घसा उघडत नाही, पडलेला रक्तदाब वर आणत नाही. त्याची वाट बघण्यात जी वीस मिनिटं जातात तीच महाग पडतात. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं ठेवा, पाय थोडे उंच. धाप लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. स्कूटरवर मधे बसवून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते नको. जवळच्या आरोग्य केंद्रात ॲड्रिनलिन मिळू शकत असेल तर आधी तिथे, मग बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात). बरं वाटलं तरी लगेच घरी पळू नका. काही तासांनी झटका परत येऊ शकतो, म्हणून डॉक्टर ठेवून घेतात.

रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असताना ओठ-जीभ सुजली आणि अंगावर गांधी नाहीत, तर तो त्या गोळीचाच परिणाम असू शकतो. महिने, वर्षं बिनबोभाट घेतल्यावरही होतो आणि त्यावर ॲलर्जीची गोळी चालत नाही. सरळ हॉस्पिटल.

सहा आठवडे झाले, रोज उठतं. काय खायचं सोडू?

बहुधा काहीच नाही. सहा आठवड्यांच्या वर चाललेलं पित्त हे जुनाट, आणि त्यात अन्न हे कारण फार क्वचित निघतं. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मास्ट पेशींना डिवचत असते. तरी लोक एकेक पदार्थ सोडत जातात. वांगं जातं, मग टोमॅटो, मग अंडं, शेवटी मासळी. गोव्याच्या माणसाने मासळी सोडली की घरात सुतकच.

मी त्यांना एकच विचारतो: श्रावणात मासळी बंद होती तेव्हा उठत होतं का? 'होय, तेव्हाही' असं उत्तर आलं की बिचाऱ्या मासळीची सुटका.

शंभर पदार्थांच्या महागड्या ॲलर्जी पॅनेलमधून जुनाट पित्तात सहसा हाती काही लागत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना हे सांगा: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या घेता का (काहींचं पित्त त्यांनी भडकतं), थायरॉइडचा त्रास आहे का, आणि एक गांध किती वेळ टिकते. शेवटचं बघायला पेनाने गांधीभोवती रेघ मारा. साधी गांध चोवीस तासांच्या आत त्या जागेवरून जाते, दुसरीकडे नवी उठते. तीच गांध दोन दिवस तिथेच राहिली, खाजेपेक्षा दुखली, जाताना काळानिळा डाग ठेवून गेली तर तो वेगळा आजार असू शकतो. डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

पावसात भिजत स्कूटर चालवल्यावर फक्त उघड्या हातांवर उठतं? ते थंडीचं पित्त असू शकतं. अशा माणसाने केसरव्हाळच्या झरीत किंवा धबधब्याखाली एकदम अंग झोकू नये. सगळ्या अंगाला एकाच वेळी थंडी लागली तर शुद्ध हरपू शकते, तीही पाण्यात.

ओले काजूगर सोलून हात भाजले. यावर चालेल का?

फारसं नाही. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि ॲलर्जीचा पुरळही आणतं, पण ते हिस्टामिनचं काम नव्हे. फोड येतात, कातडी काळी पडून निघते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर विकणाऱ्या बायकांची बोटं बघा. साबणाने धुवा, फोड फोडू नका, डॉक्टर लावायचं मलम देतील. पुढच्या मोसमात हातांना खोबरेल आणि मोजे.

पावसाळ्यात जांघेत, कमरेला खाज येते. तीही ॲलर्जीच ना?

गोल चकत्या, कडा लाल, मधे साफ, दिवसेंदिवस मोठ्या होणाऱ्या: तो नायटा, म्हणजे बुरशी. ओली जीन्स अंगावर वाळवण्याचं बक्षीस. ॲलर्जीच्या गोळीने दोन रात्री खाज कमी वाटते आणि बुरशी निवांत पसरते. स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर मुळीच मागू नका. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून दुकानात भांडणंही झाली आहेत.

आमसूल चोळलं तर चालेल?

आमसुलाचं गार पाणी अंगाला लावून बरं वाटतं, खुशाल लावा. कॅलामाइन लोशनही तेच काम करतं. कढत पाण्याने आंघोळ मात्र नको, खाज दुप्पट होते. आमसुलाचं पाणी घसा सुजलेल्याला पाजत बसू नका, एवढंच.

गरोदरपण, लहान मुलं, म्हातारी माणसं?

गरोदरपणात डॉक्टर सहसा लोराटाडिन किंवा सेटिरिझिन निवडतात, कारण त्यांचा अनुभव जास्त आहे. दूध पाजणाऱ्या आईलाही हीच दोन. जुन्या गुंगीच्या गोळ्यांनी बाळ सुस्तावतं.

मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. त्यांची पातळ औषधं वेगळी, डोस वय-वजनावर, आणि मोजायचं बाटलीबरोबरच्या मापाने, चहाच्या चमच्याने नव्हे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३ चा आदेश आहे. घरातली जुनी बाटली काढून बघा.

म्हाताऱ्यांना जुन्या गोळ्यांनी लघवी अडते, बद्धकोष्ठ होतो, गोंधळल्यासारखं होतं आणि रात्री उठताना तोल जातो. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर आणखी वाईट. नव्या पिढीच्या त्या मानाने बऱ्या. मूत्रपिंड कमकुवत असेल तर सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या तिन्हींचा डोस कमी करावा लागतो. क्रिॲटिनिनचा रिपोर्ट सोबत आणा.

माझ्या गोळीत माँटेलुकास्टही आहे. ते काय?

ते अँटिहिस्टामिन नाही, दम्याच्या आणि नाकाच्या ॲलर्जीच्या औषधांतलं आहे. नुसत्या गांधींसाठी जोडगोळी लागतेच असं नाही. काही जणांना त्याने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. घरातलं पोर गोळी सुरू झाल्यापासून रात्री दचकून उठत असेल तर डॉक्टरांना सांगा.

हुर्राकच्या (काजूच्या हंगामी दारूच्या) दिवसांत काय करायचं?

सेटिरिझिनवर दारू नकोच, गुंगी वाढते. जुन्या गोळ्यांवर तर अजिबात नको. फेक्सोफेनाडिनवर गुंगीची भीती कमी, पण दारूने रक्तवाहिन्या सैल होतात आणि उठलेलं पित्त आणखी फुलतं. हुर्राक लिम्काबरोबर घ्या नाहीतर मिरची-मीठ घालून, पित्ताला फरक पडत नाही.

रोज घेतली तर सवय लागते का?

व्यसन लागत नाही. पण सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन् महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काही थोड्यांना अंगभर तीव्र खाज सुटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये दिला. हे दुर्मीळ आहे. बंद करायची वेळ आली की डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

ॲलर्जीची टेस्ट करायची आहे. गोळी चालू ठेवू?

कातडीवर टोचून करायची टेस्ट असेल तर साधारण आठवडाभर आधी बंद करावी लागते, नाहीतर सगळंच 'नाही' येतं. किती दिवस ते टेस्ट करणारे सांगतील. रक्ताच्या टेस्टला गोळीची अडचण नाही.

गोळ्या ठेवायच्या कुठे?

न्हाणीघरात नको, चुलीच्या वरच्या फळीवर नको. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत मिठाचंही पाणी होतं. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. स्ट्रिप कापताना तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माळा झाडायला, माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं) सामान काढायला चढणार असाल तर तोंडाला फडकं बांधा. शिंकांचा त्रास दरवर्षी होत असेल तर गोळी माळ्यावर चढायच्या तासभर आधी घ्या. खाली उतरल्यावर घेतलेली गोळी त्या दिवशी उशिराच पोचते.